अण्णांच्या डब्यातले चांदीचे डॉलर

माझे सासरे, अण्णा, १९६२ साली मिशिगनला शिकायला आले. तेव्हा बँकेत एक डॉलरची नोट दिली की चांदीचा डॉलर मिळायचा. ते अधूनमधून एखादा घेऊन बिस्किटांच्या डब्यात टाकत. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला.

पहिलं काम म्हणजे घरातल्यांना बजावणं: चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. चांदी लखलखीत ठेवायची आपली सवय इथे नाण्याच्या मुळावर येते. घासल्याने उठलेले बारीक ओरखडे भिंगाखाली लपत नाहीत आणि भाव पडतो तो पडतोच.

मग दागिन्यांच्या काट्यावर वजन. डब्यातली नाणी मॉर्गन डॉलर, म्हणजे जॉर्ज मॉर्गनने घडवलेल्या नक्षीचे जुने अमेरिकन चांदीचे डॉलर. असा डॉलर कोरा असताना २६.७३ ग्रॅम भरतो. ९० टक्के चांदी, बाकी तांबं. झिजलेला थोडा हलका असतो. लोहचुंबकाला चिकटला तर खोटाच. चांदी २४.०६ ग्रॅम, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने किमान किंमत लगेच कळते.

त्यापुढची किंमत मागच्या बाजूच्या एका इवल्या अक्षरावर ठरते. गरुडाखालच्या पानांच्या चक्राखाली पाहायचं. काहीच नसेल तर फिलाडेल्फियाची टांकसाळ, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ नेवाडातली कार्सन सिटी. आमच्याकडची बहुतेक नाणी १९२१ची, बिनअक्षराची निघाली. त्या एका वर्षात फिलाडेल्फियाने ४ कोटी ४६ लाखांहून जास्त मॉर्गन डॉलर पाडले, त्यामुळे वापरलेल्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त मिळत नाही.

एवढे का पाडले, हे शोधताना मी थक्क झाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले. तेव्हा १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले आणि बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली, ती हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी. त्याच कायद्याने पुढे तेवढेच डॉलर पुन्हा पाडायचे होते, म्हणून १९२१ची ती रास. माझ्या माहेरी पंचम जॉर्जचे १९१८चे रुपये आहेत; त्यात कुणा मॉर्गन डॉलरची चांदी असू शकेल! कोणत्या सालची किती नाणी वितळवली याची नोंद मात्र ठेवली गेली नाही. म्हणूनच किती पाडली या आकड्यावरून किती उरली ते ठरत नाही.

डब्यात एक १८९० ‘सीसी’ होतं. पहिल्या दुकानदाराने सगळ्या नाण्यांना वजनावर एकच भाव सांगितला. मी डबा उचलून निघाले. घरी येऊन लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहिल्या. विक्रेता मागतो ती किंमत धरायची नाही. झीज मात्र नीट बघावी लागते: पुढच्या बाजूच्या स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती आधी गुळगुळीत होतात. १ ते ७० अशा श्रेणीत नाण्याची प्रत ठरते आणि एकेका पायरीवर भाव बदलतो.

नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे तपासणीला मी फक्त ‘सीसी’ पाठवलं. १९२१च्या नाण्यांवर ती फी वसूल होत नाही. ती नाणी चांदीच्या भावाने दुसरीकडे विकली. ‘सीसी’ अस्सल ठरलं, श्रेणी ३०, न घासलेलं. वजनावर सांगितलेल्या भावाच्या कितीतरी पट त्याची किंमत आहे. ते आम्ही विकणार नाही.