हरिश्चंद्रगडावर ट्रायपॉड नेताय? मग एक गोणी पण घ्या

शनिवारी पहाटे सव्वातीनला कोकणकड्याजवळ मांडी घालून मी चाळिसावा फोटो झूम करून बघत होतो आणि चाळिसावा पण हललेला होता. आधीचे एकोणचाळीस तसेच. तारे म्हणजे ठिपके पाहिजेत ना, माझ्याकडे सगळे स्वल्पविराम आले होते. शेजारी पश्या स्लीपिंग बॅगमधून तोंड बाहेर काढून विचारतोय "झालं का रे?" आणि मला त्याच्या अंगावर ट्रायपॉड फेकावासा वाटतोय. तो भाड्याचा नसता तर फेकलाच असता.

माझी चूक एकच, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला. एका व्हिडिओत छातीठोकपणे सांगितलं होतं की ट्रेकला हलका कार्बनचा ट्रायपॉड न्या, वारा असला तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याखालच्या हुकला सॅक लटकवा, विषय संपला. दुकानदार म्हणाला "सर बारा किलो लोड घेतो, तुमचा कॅमेरा दीड किलोचा." म्हणून माझा जुना ॲल्युमिनियमचा अडीच किलोचा धोंडा घरी ठेवला आणि पुण्यातून १.३ किलोचा पाच सेक्शनवाला, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचा एकेक पाय असलेला, भाड्याने घेतला, दिवसाला अडीचशे. तो बारा किलोचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, आणि त्याचा अर्थ फार तर एवढाच की बारा किलो ठेवले तर मोडून पडणार नाही. वाऱ्यात थरथरेल की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पाच सेक्शन म्हणजे शेवटची नळी पेन्सिलीएवढी. वारा सोडा, बाजूने कोणी चाललं तरी ती थरथरते.

जायचा रस्ता खिरेश्वरचा. आळेफाट्यावरून कल्याणकडे जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्याला उतरायचं आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून गावात, सपाट आहे, बोलत बोलत होतो. गावात चहा घेताना एका मामांनी ट्रायपॉडकडे बघून विचारलं, "मोजणीवाले का?" म्हटलं नाही मामा, फोटोवाले. त्यांना पटलं नाही. उठताना परत म्हणाले, "गट नंबर कुठला घेतलाय?" तेव्हा गावातून जाताना ट्रायपॉड पिशवीत असू द्या, नाहीतर अर्धा तास जमिनीच्या भानगडी ऐकाल. आम्ही ऐकल्या.

तोलारखिंडीपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. खिंडीच्या वर जो रेलिंगवाला कातळ आहे तिथे मात्र नीट ऐका. तुम्ही ट्रेक करता हे मी धरून चाललोय, रिकाम्या अंगाने तो पॅच काही विशेष नाही, कोरड्या दिवसात तर शाळेतली पोरं पण चढतात. पण मी ट्रायपॉड सॅकच्या उजव्या बाजूला उभा बांधला होता, बॉलहेड, म्हणजे कॅमेरा बसतो ते फिरणारं डोकं, वर. दोन्ही हात रेलिंगला, उजवीकडे वळून पाय उचलला आणि ते डोकं खाडकन कातळावर आपटलं. आपटलं त्याचं एवढं नाही, त्या धक्क्याने सॅकसकट मी बाहेरच्या बाजूला ढकलला गेलो. पोटात गोळा येतो म्हणजे काय ते तिथे कळलं. मागचा पश्या ओरडला, मी रेलिंगला पालीसारखा चिकटलो, दोन मिनिटं तसाच. पुढे कारवीत शिरल्यावर तेच डोकं दर दहा पावलांना फांद्यांत अडकतंय, कोणीतरी मागून कॉलर धरल्यासारखं. शेवटी सॅक उतरवून ट्रायपॉड उलटा केला, डोकं खाली बाटलीच्या खिशात, पाय वर, दोन पट्टे करकचून, सॅकच्या उंचीच्या वर काही नाही. हे तोलारखिंडीतच करायला हवं होतं. त्याहून बरं म्हणजे हेड स्क्रूवरून काढून सॅकमध्ये कपड्यात गुंडाळा, नुसते पाय बाहेर. वर बसवायला मिनिट लागतं. हातात धरून तर अजिबात नेऊ नका, काठी म्हणून पण नाही, लॉक सरकला की तोंडावर आपटाल.

देऊळ, पुष्करणी, गुहा सगळं बघितलं, छान आहे, त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल.

आता कडा. कोकणकडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे, वाटीसारखा. कोकणातून येणारा वारा त्या वाटीत शिरतो आणि वर फेकला जातो. संध्याकाळी पश्याने सुकं पान टाकलं ते त्याच्याच डोक्यावर परत आलं. म्हणजे इथे वारा आडवा येईल हा हिशोबच चुकतो, तो ट्रायपॉडला खालून उचलतो. रात्री तर कुठूनही येतो. अशात मधल्या हुकला सॅक लटकवली की काय होतं? घंटा होते. सॅक झुलते, ट्रायपॉड तिच्या तालावर झुलतो. मी पहिल्या रात्री तीन तास हेच करत बसलो, आणि वजन कमी पडत असेल म्हणून सॅकमध्ये अजून दगड भरले. अजून मोठी घंटा.

दुसऱ्या दिवशी जेवताना हे रडगाणं टेंटवाल्या मावशींसमोर गायलो. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अरे बाळा, मांडव बांधतो तसं बांध की. दगडाची गोणी खाली ठेवायची न् वरून दोरी ताणायची." आणि कांद्याची रिकामी गोणी दिली. पंधरा वर्षं फोटो काढतोय मी.

तर ते असं. गोणीत पंधरा-वीस किलो दगड भरून ती ट्रायपॉडच्या मधोमध जमिनीवर ठेवायची, टेकलेली. हुकपासून गोणीपर्यंत सुतळी तंग बांधायची, बोटाने छेडली तर टण्ण वाजली पाहिजे. झुलायला काही उरतच नाही. ट्रायपॉडचे जाड वरचे दोनच सेक्शन उघडायचे, पेन्सिली आतच. मधला दांडा वर काढायचाच नाही, तो वर काढला की तुमच्याकडे तीन पायांवर उभी केलेली एकच काठी उरते. उंची गुडघ्याएवढी होते, बसून काढा, कड्याजवळ रात्री उभं राहायचं कारणच काय. पाय पसरून ठेवा, एक पाय उताराच्या दिशेने. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, तो फडफडतो आणि लेन्स हुड पण वारा पकडतो. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. आणि भाड्याच्या बॉलहेडचा भरवसा नको, घट्ट करून सोडला की फ्रेम हळूच खाली बसते, म्हणून आधीच थोडी वर धरून घट्ट करा.

ट्रायपॉडच्या पायांना पांढरी नाडी बांधा. अंधारात पश्या दोनदा अडखळला, आणि हे कड्यापासून बऱ्याच आत. ट्रायपॉड काठावर लावायचा हट्ट करणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

तसंही काठावर लावून उपयोग नाही. कडा बघतो पश्चिमेला आणि मार्चमध्ये आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सगळ्यात ठळक भाग, दीड-दोनच्या सुमारास उगवतो आग्नेयेला, म्हणजे तुमच्या पाठीमागून, गडाच्या तारामती शिखराच्या बाजूने. मी पहिल्या रात्री एक वाजेपर्यंत कोकणाकडे तोंड करून वाट बघत होतो, हसा. पहाटे चार-साडेचारला तो तीसेक अंश वर येतो आणि सव्वापाचनंतर आकाश फिकट व्हायला लागतं, त्यामुळे कामाचा वेळ खरा तास-दीड तास. कड्याच्याच वर गाभा पाहिजे असेल तर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंधार पडल्या पडल्या तो नैऋत्येला मावळताना मिळतो, पण थोडाच वेळ. अमावस्येच्या आगेमागे जा हे सांगायला नको. ज्यांना ताऱ्यांची चक्रं काढायचीत त्यांनी ध्रुव फार वर शोधू नका, आपल्याकडे तो १९ अंशांवरच असतो, डोंगरामागे सहज लपतो.

माझी सेटिंग सांगतो, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून लेन्सचे मिमी दीडपट धरायचे), ११ मिमी, एफ २.८, आयएसओ ३२००. तारे लांबू नयेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं याचा एक पाचशेचा नियम आहे, ५०० ला लेन्सच्या मिमीने भागायचं; ११ ची दीडपट साडेसोळा, ५०० भागिले साडेसोळा म्हणजे तीस सेकंद येतात, पण तीसला कडेचे तारे लांबतात, वीसच ठेवा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, एखादा ठळक तारा दहापट मोठा करून हाताने.

शनिवारी रात्री मात्र गर्दी. आमच्या मागे वीसेक टेंट, स्पीकर, आणि दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी टॉर्च थेट फ्रेममध्ये. पावणेदोनपर्यंत एकही फोटो कामाचा नाही. शनिवारी ताऱ्यांचे फोटो काढायला जाऊ नका, बस. आठवड्यातली रजा टाका. पण तीननंतर सगळे झोपले, आणि चार वीसला जो फोटो आला तो मी शंभर टक्के झूम केला आणि तारे ठिपके होते. ठिपके! मी पश्याला उठवून दाखवला, तो म्हणाला "काळा आहे" आणि परत झोपला. त्यानंतर तासाभरात साठेक काढले, हललेले चारच. तोच पेन्सिलछाप ट्रायपॉड, तोच वारा, फरक गोणीचा.

म्हणून विचाराल कुठला ट्रायपॉड घ्यावा, तर मी आता म्हणेन घरात असलेला जुना जड न्या. एक किलो जास्त वाहिलं तर मरत नाही कोणी. हे मी उतरून आल्यावर आणि पाय दुखत नसताना लिहितोय, तोलारखिंडीत विचारलं असतं तर वेगळं बोललो असतो. कार्बन घ्यायचाच तर तीन किंवा चार सेक्शनचा, शेवटची नळी अंगठ्याएवढी तरी जाड पाहिजे.

आणि भाड्याने घेणाऱ्यांनो. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता घेतला, सोमवारी सकाळी अकराला दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो, पैसे लावले पाच दिवसांचे. गुरुवार एक दिवस आणि सोमवार एक दिवस म्हणे. वर हेड फिरवायची छोटी चावी गायब म्हणून तीन हजार डिपॉझिटमधून सहाशे कापले. ती चावी कातळावर पडली असेलही, पण ती घेतानाच सैल होती आणि मी तेव्हा बोललो होतो, त्याचा पुरावा काय? अठराशे पन्नास रुपये गेले, एवढ्यात साधा नवीन आला असता. घेताना दुकानदारासमोर प्रत्येक चावी, प्रत्येक लॉक, खालचे रबर फिरवून मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि दिवस म्हणजे चोवीस तास की कॅलेंडरचा दिवस ते चिठ्ठीवर लिहून घ्या. हे ऑकवर्ड वाटतं. सहाशे रुपये द्यायला जास्त ऑकवर्ड वाटतं.

उतरलो पाचनईने, सोपी वाट, ट्रायपॉड सॅकवर उलटा, एकदाही अडकला नाही. फक्त फोटो काढायला जाणार असाल तर चढायला पण पाचनईच धरा.

गोणी नंतर रिकामी करून परत द्या. दगड तिथेच ओता, आणि झटकून द्या, मावशींना ती कांद्याला लागते.