ब्रिस्टल ते हिल्टन्स: गाणी गोळा करणाऱ्यांच्या मुलखात

अमेरिकेतल्या डोंगराळ संगीताचं मूळ शोधायला निघालो होतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून इंटरस्टेट ७७ ने उत्तरेला निघालं की व्हर्जिनियाच्या हद्दीत शिरल्यावर थोड्याच वेळात घाट लागतो. हा फॅन्सी गॅपचा घाट चढून वर आलं की ब्लू रिज डोंगररांगेचं पठार. माझा शुक्रवारचा मुक्काम फ्लॉइड या गावी होता. या अख्ख्या काउंटीत वाहतुकीचा सिग्नल एकच आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. कारण फ्लॉइड कंट्री स्टोअर. दिवसा दुकान, शुक्रवारी रात्री नाचगाणं. आधी गॉस्पेल, म्हणजे देवाचं आटोपून घ्यायचं, मग फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बॅन्जो आणि लाकडी जमिनीवर टाचा.

आत गर्दी फार होती, म्हणून मी बाहेर फुटपाथवरच रमलो. पाच-सहा जण खुर्च्या गोल मांडून वाजवत होते. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच: नवखा कडेला बसतो, टाळ धरतो, हळूहळू आत सरकतो. एकच धून दहा-दहा मिनिटं फिरत राहते. एकल वादन नाही, टाळ्या घेणं नाही. थांबायचं झालं की म्होरक्या नुसता एक पाय उचलतो आणि सगळे एकदम थांबतात. ही ‘ओल्ड-टाइम’ शैली. सूर बदलायचा तर बॅन्जो पुन्हा लावावा लागतो, म्हणून तासभर एकाच पट्टीत बसलेले असतात. शेजारच्या घोळक्यात ब्लूग्रास चालू होतं, आणि तिथला कारभार वेगळा: प्रत्येकाला पाळी, पाळीला करामत. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला आणि त्याच्या तीन बोटांच्या बॅन्जोने या शैलीला आजचा वेग दिला. खरं सांगायचं तर वेगाने मी दिपतो, पण दहा मिनिटांनी माझे कान पहिल्या घोळक्याकडे वळतात.

बॅन्जो जवळून पाहिला. पाचवी तार आखूड, मानेच्या मध्यावरच्या खुंटीला बांधलेली, अंगठ्याने छेडायची. ती आफ्रिकेतून आली. सेनेगांबियाकडे भोपळ्याला कातडं मढवून केलेल्या वाद्यांना अशी आखूड तार असते, आणि गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ती अमेरिकेत पुन्हा घडवली. फिडल स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांचं. ही दोन वाद्यं एका अंगणात आली, तिथून या सगळ्या संगीताचा धागा निघतो. या सगळ्याला मिळून ‘अमेरिकाना’ म्हणतात, पण ते नाव अगदी अलीकडचं. १९९५ मध्ये रेडिओसाठी त्या नावाची क्रमवारी निघाली आणि २०१० पासून ग्रॅमीतही या नावाने अल्बमचा पुरस्कार आहे. कंट्री, ब्लूज, गॉस्पेल, लोकगीत यांपैकी एकाच कप्प्यात न मावणारे त्यात येतात. पण कप्पे केले कोणी? त्यासाठी ब्रिस्टलला जायचं होतं.

ब्रिस्टलचा मुख्य रस्ता स्टेट स्ट्रीट. मधोमध पितळी खुणा आहेत: उत्तरेची दुकानं व्हर्जिनियात, दक्षिणेची टेनेसीत. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीची इमारत होती. तिथे २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीच्या रॅल्फ पीअरने ध्वनिमुद्रणाची यंत्रं लावली. १९ कलाकार-संच, ७६ मुद्रणं. इमारत आता नाही. पण व्हर्जिनियाच्या बाजूला २०१४ मध्ये उघडलेलं बर्थप्लेस ऑफ कंट्री म्युझिक म्युझियम आहे आणि त्यात सकाळ कुठे जाते कळत नाही.

सुरुवातीला पीअरकडे म्हणावं तसं कोणी फिरकेना. मग स्थानिक वर्तमानपत्रात आलं की अर्नेस्ट स्टोनमन या गायकाने आदल्या वर्षी रेकॉर्डांवर ३,६०० डॉलर कमावले. झालं! डोंगरातून माणसं निघाली. मेसेस स्प्रिंगहून ए. पी. कार्टर भावाची गाडी मागून निघाला. सोबत बायको सारा, तिचं तान्हं मूल आणि त्याच भावाची अठरा वर्षांची बायको मेबेल, तीही दिवस भरत आलेली. वाटेत टायर सारखे पंक्चर. पुढे कार्टर फॅमिली म्हणून गाजलेल्या या तिघांनी सहा गाणी दिली, गाण्यामागे ५० डॉलर. दोन दिवसांनी, ४ ऑगस्टला, रेल्वेत ब्रेकमनची नोकरी केलेला, क्षयाने पोखरलेला आणि पुढे कंट्रीचा पहिला मोठा तारा ठरलेला जिमी रॉजर्स आला. आदल्या रात्री त्याचे साथीदार भांडून वेगळे झाले होते, म्हणून एकटाच गायला. याच दिवसांत एल वॉटसन नावाचा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादकही इथे वाजवून गेला, गोऱ्या जॉन्सन बंधूंच्या साथीला बसला आणि त्यांच्यातल्या एकाने त्याला गिटारवर साथ केली. यंत्रापुढे ही माणसं एकत्र होती. रेकॉर्ड विकताना मात्र काळ्यांच्या ‘रेस’ यादीत वेगळ्या आणि गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ यादीत वेगळ्या. कप्पे असे पडले, आणि ते गिऱ्हाइकासाठी पाडलेले होते.

पीअरला संगीताची जाण किती होती यावर वाद घाला, हिशेबाची नक्की होती. त्याला जुन्या वळणाची, पण कोणाच्याच नावावर हक्क नसलेली गाणी हवी असत, कारण प्रकाशनहक्कातून त्याची कमाई होई. म्हणून ए. पी. कार्टर गाणी शोधत दारोदार हिंडू लागला. आणि इथे मला या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस भेटला: लेस्ली रिडल. किंग्सपोर्टचा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. १९२८ पासून तो ए. पी.बरोबर फिरला. ए. पी. शब्द उतरवून घेई, चाल रिडल डोक्यात साठवून आणी. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीयांच्या घरांत आणि चर्चमध्ये त्याच्यामुळे दार उघडे. मेबेलने त्याच्याकडून गिटारची बोटं उचलली. रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. साठच्या दशकात माइक सीगर या लोकसंगीत जमवणाऱ्या गायकाने शोधून काढेपर्यंत रिडल जवळजवळ विस्मरणात होता. माझ्या लेखी या मुलखाचा इतिहास त्याच्यापासून सांगायला हवा.

संध्याकाळी हिल्टन्सला कार्टर फॅमिली फोल्डवर गेलो. क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी पुअर व्हॅली, शेजारी ए. पी.चं जुनं दुकान. त्याच्या मुलीने, जॅनेटने, १९७४ मध्ये त्या दुकानातच शनिवारचे कार्यक्रम सुरू केले, दोन वर्षांनी हे नाट्यगृह उभं राहिलं. दारू नाही, विजेवर चालणारी वाद्यं नाहीत. मेबेलचा जावई, प्रसिद्ध गायक जॉनी कॅश, त्याला तेवढी सूट होती. त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रमही इथेच झाला, ५ जुलै २००३ ला.

मंचावर एक बाई मेबेलची पद्धत वाजवत होत्या: अंगठा जाड तारांवर चाल उचलतो, बाकी बोटं बारीक तारांवर ठेका झाडतात. एका गिटारीत दोन माणसं बसल्यासारखं ऐकू येतं. पुढच्या मोकळ्या जागेत बुटांना पत्रे ठोकलेले आजोबा आणि एक शाळकरी मुलगी फ्लॅटफूट नाचत होते. कंबरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर, सगळं चाललेलं घोट्याखाली. माझ्या शेजारच्या आजींनी मला ओढलंच. ‘पाय फार उचलू नकोस, जमीन वाजव,’ एवढंच त्यांनी सांगितलं. मी जमेल तशी वाजवली.

जायचं असेल तर शुक्रवार-शनिवार गाठा, नाहीतर डोंगर पाहून परत याल. फोल्डला रोख पैसे जवळ ठेवा आणि पुढच्या रांगेसाठी लवकर जा. हिल्टन्सच्या परिसरात फोनच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जमत असेल तर व्हर्जिनियातल्याच गॅलॅक्स गावचं फिडलर्स कन्व्हेन्शन, म्हणजे वादकांचा मेळावा आहे, १९३५ पासून चालू असलेलं. तिथे मंचापेक्षा तंबूंच्या मधल्या वाटांवर जास्त वाजतं म्हणतात. पुढच्या वर्षी मी तंबू घेऊनच जाणार आहे.