जर्सी मागाहून, आधी गोलपोस्ट

कॉलेजात फुटबॉलची टीम काढायचं ठरलं की पहिला पैसा जर्सीवर जातो. पाठीवर नंबर, छातीवर लोगो, आणि मैदानात तीन चेंडू अन् गोलच्या जागी दोन दगड. बेळगाव कॅम्पातली पोरं लहानपणापासून फुटबॉल खेळलेली असतात. खानापूर-निपाणीकडचा मुलगा मात्र बहुतेक वेळा कबड्डी, खो-खो नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटमधून आलेला असतो. दम असतो, पाय चपळ असतात, पण गोलचा अंदाज नसतो. तो दगडांवर येतही नाही, कारण दगडांना वरचा बार नसतो.

गोल बनवून घ्यायला बेळगावसारखं सोयीचं गाव नाही. उद्यमबागेत वेल्डिंग करणारे हवे तितके. ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच हे माप सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो कुठून कुठे मोजायचं यात. रुंदी एका खांबाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत, उंची जमिनीपासून बारच्या खालच्या कडेपर्यंत. तीन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास जवळपास ८९ मिलिमीटर असतो. वर्कशॉपवाल्यानं सवयीनं सेंटर टू सेंटर, म्हणजे पाइपच्या मध्यापासून मध्यापर्यंत, धरलं की गोल नऊ सेंटिमीटरनं अरुंद झालाच. कागदावर ठळक लिहून द्या: ‘आतून आत’.

पाइप सहा मीटरचा मिळतो. खांबाला २.४४ अधिक जमिनीत पुरायला पाऊण मीटर, म्हणजे ३.१९ मीटर लागतात. एका पाइपात एकच खांब निघतो आणि २.८१ मीटरचा तुकडा उरतो. बार खांबांच्या डोक्यावर बसवायचा तर तो साडेसात मीटर हवा: एक अख्खा पाइप आणि उरलेल्या तुकड्यातला दीड मीटर. एका गोलला तीन पाइप, दोन्हींना सहा. सारखे दोन तुकडे करून सांधा मधोमध आणण्याचा मोह टाळा. नेमक्या तिथंच दोन पावसाळ्यांत बारला झोळ येतो. सांधा बाजूला ठेवा, आत साठेक सेंटिमीटरचा घट्ट बसणारा तुकडा घाला, मग वेल्डिंग करा आणि ते घासून गुळगुळीत करा. जाळीसाठी लोखंडी हूक नकोत. कीपरची बोटं त्यातच अडकतात, नायलॉनची दोरी पुरते. एवढा बार साधारण साठ किलोंचा होतो. सुटा ठेवलेला गोल पोरं लोंबकळली की पुढे कोसळतो, आणि असे गोल अंगावर पडून जगभरात मुलं दगावली आहेत. म्हणून पुरलेलाच बरा.

पुरतानाही माती बघा. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या जमिनीत काँक्रीट भरलं की खांब हलत नाही. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत तसं नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब दरवर्षी थोडाथोडा कलतो. तिथं खड्डा मोठा घ्या, काळी माती काढून टाका, भोवती मुरूम ठोकून भरा, पाइपही थोडा लांब घ्या.

मैदान आखताना नजरेवर विसंबू नका. १०० बाय ६४ मीटरचं मैदान असेल तर कोपरा ते कोपरा तिरकं अंतर ११८.७३ मीटर भरलं पाहिजे, दोन्हीकडून. एवढी लांब टेप नसली तर कोपऱ्यात ९ आणि १२ मीटर मोजून दोन टोकांमधलं अंतर १५ येतंय का पाहा. वर्तुळं आणि पेनल्टी बॉक्स धरून रेषा जवळजवळ ७०० मीटर होतात, फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) त्या हिशेबानं आणा. कळीचा चुना अजिबात नको. ओल्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो, आणि घसरून टॅकल करणाऱ्याचं अंग ओलंच असतं.

चेंडू ५ नंबरचा, दोन खेळाडूंमागे एक. वीस पोरं असतील तर दहा. हवा नियमाप्रमाणे ८.५ ते १५.६ पीएसआय चालते, सरावाला ९-१० ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर अंदाजानं भरलेला चेंडू दगड होतो आणि शिवण उसवते. सुई कोरडी खुपसली तर व्हॉल्व्ह फाटतो, आधी ग्लिसरीनचा थेंब लावा.

सरावाची वेळ कोच नाही, बस ठरवते. पहाटे सहाला होस्टेलची पोरं येतील, गावाकडची नाही. चार ते साडेपाच ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतंच. त्यातली पहिली वीस मिनिटं फिफाच्या ‘११+’ वॉर्मअपला द्या: आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगानं पळणं. आठवड्यातून निदान दोनदा. मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट शूटिंग सुरू केलं की मांडीच्या मागचा स्नायू धरतो आणि एक मुलगा तीन-चार आठवडे बाहेर बसतो.

आणखी एक, इथलंच. बचावात मराठी पोरगा, मागे कन्नड कीपर. कीपर ‘बिडु’ ओरडतो, म्हणजे ‘सोड’. सरावात ते कळतंही, पण मॅचच्या गोंगाटात अर्ध्या सेकंदाचा उशीर होतो आणि दोघं एकमेकांवर आपटतात. पहिल्याच आठवड्यात चार शब्द ठरवून टाका. चेंडू घेताना कीपर फक्त ‘कीपर!’ ओरडेल, पाठीवर माणूस असेल तर ‘मॅन!’, मोकळा असेल तर ‘टर्न!’, लांब मारायचा तर ‘अवे!’. या चार शब्दांत मराठी-कन्नड वादाला जागाच नाही, हे वर फुकट.

जर्सी घ्याल तेव्हा गडद आणि फिका असे दोन संच घ्या. समोरची टीम त्याच रंगात आली की एकीला बदलावंच लागतं. कीपरची जर्सी या दोन्हींहून वेगळी.