तीनशेचं गोल कव्हर

जुन्या एलपी विकत घ्यायच्या म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी वर्षश्राद्ध उरकल्यावर त्या घरी जायचं. गेल्या पावसाळ्यात ठाण्याला असाच गेलो. काका मर्चंट नेव्हीत होते; सत्तरच्या दशकात बंदराबंदरातून आणलेल्या शे-दीडशे रेकॉर्डी. काकू म्हणाल्या, "भाव तुम्हीच सांगा, मला यातलं काही कळत नाही."

माझा हिशेब साधा. बँड मोडल्यानंतर जन्मलेलं पोर दुकानात येऊन, पैसे टाकून मागतं का? बीटल्स १९७० मध्ये फुटले, लेड झेपेलिन १९८० मध्ये, तरी दोघांच्या रेकॉर्डी माझ्याकडे महिनाभर टिकत नाहीत. पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होती. तिचा भाव विचारायलाच नको.

ढिगात ती होतीच. उजेडात धरली. लेबलवर भोकाभोवती बारीक रेघा असतात; प्लेअरची खुंटी भोकात चटकन सापडली नाही की पडतात. रेकॉर्ड किती वाजली ते त्यावरून कळतं, घरचे काहीही सांगोत. हिच्यावर एक रेघ नाही. कोरी करकरीत.

मग हाती आली ग्रँड फंक रेलरोडची 'ई प्लुरिबस फंक', १९७१ ची. कव्हर नाण्यासारखं गोल, चंदेरी. मागे न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. त्या वर्षी या बँडच्या तिघांनी तिथली सगळी तिकिटं ७२ तासांत संपवली होती, बीटल्सपेक्षाही झटपट. आज नाव काढलं तर गिऱ्हाईक विचारतं, कोण? आणि हिच्या लेबलवर मात्र रेघांचं नुसतं जाळं!

"हिचे अडीच हजार, हिचे तीनशे," मी म्हटलं.

"उलटं नाही ना झालं? ती कधी लावलेली आठवत नाही. ही गोल मात्र दर रविवारी, शेजारचे दार ठोठावेपर्यंत."

"बाजारात असंच आहे, काकू."

"बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

'डार्क साइड' त्याच आठवड्यात कॉलेजच्या एका मुलीने नेली. भोक बघितलं नाही, कव्हर बघितलं. गोल कव्हर अजून दुकानात आहे. खोक्यात उभं राहत नाही, घरंगळतं; दोन्ही बाजूंना जाडजूड डबल अल्बम लावून अडवून ठेवलंय.