डेडस्टॉकमधल्या चिपळ्या

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि मला आधी घामच फुटला. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'चिपळ्या, लाकडी, एक जोड' अशी नोंद अजून असेल तर मुख्याध्यापकांनी शोधाशोध करू नये. त्या माझ्या कपाटात आहेत. १९८२ पासून.

त्या वर्षी 'सौभद्र' या संगीत नाटकाला शंभर वर्षं होत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि दोनच वर्षांनी, १८८२ च्या नोव्हेंबरात, 'सौभद्र'चे पहिले तीन अंक. दोन्ही पुण्यातच. तेव्हा पेठेतल्या शाळेनं गॅदरिंगला दुसरं काही करणं म्हणजे पापच, असं आमच्या मराठीच्या सरांनी परस्पर ठरवून टाकलं. अख्खं नाटक झेपणारं नव्हतं. पहिल्या अंकातला नारद-अर्जुनाचा प्रवेश आणि पुढचे दोन-तीन तुकडे घेतले. मी नववीत होतो आणि प्रार्थनेला पुढे उभा राहून गायचो, म्हणून नारद माझ्याकडे आला. अभिनय येतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तालमी तीन ठिकाणी चालायच्या. संवाद सरांकडे, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. पदं संगीताच्या बाईंकडे. नाच शिकवणारं शाळेत कुणी नव्हतं, म्हणून हालचाली बसवायला ड्रिलचे सर. ते पंधरा ऑगस्टची लेझीम बसवायचे. संगीत नाटक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं आणि ते तसं सांगूनही टाकायचे. तिघंही आपापल्या जागी माझ्यावर खूश होते. दसऱ्याच्या सुमारास सगळं एकत्र करून पाहिलं आणि तमाशाच झाला. बोलणारा मुलगा एक, गाणारा दुसरा आणि उड्या मारणारा तिसरा. अंगातला सदरा तेवढा एकच.

सर म्हणाले, "बोलतोस तोवर ठीक आहे. पेटी वाजली की तू प्रार्थनेला उभा राहतोस."

खरंच होतं ते. पेटीचा सूर कानावर आला की माझे हात आपोआप मांडीला चिकटायचे, नजर समोरच्या घड्याळावर जायची आणि नारद विंगेत जाऊन बसायचा.

मग एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, तिघं शिक्षक एकाच खोलीत बसले. माझ्या आठवणीत तरी हे पहिल्यांदाच घडत होतं, कारण बाई आणि ड्रिलचे सर यांचं हॉलच्या किल्लीवरून वाकडं होतं. मराठीच्या सरांनी मला विचारलं, "हा नारद आलाय कशाला?" मी म्हटलं, "हरिनाम घ्यायला." सर हसले. "अरे, अर्जुन तीर्थयात्रेला निघालेला. इकडे सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं बलरामानं ठरवलेलं. ते अर्जुनाला सांगायला आलाय हा. तोंडात हरी आणि पोटात बातमी. पोट फुगलंय त्याचं!"

बाईंनी ते 'पोटात बातमी' उचललं. प्रवेशाच्या पदाचा मुखडा मी दोनदा म्हणायचो, दोन्ही वेळा सारखाच. बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा देवासाठी म्हण. दुसऱ्यांदा अर्जुन दिसलाय. आता त्याला ऐकू जाईल असा म्हण." शब्द तेच, सूर तेच. नुसता दुसऱ्यांदा 'जय जय' वर अर्धा क्षण जास्त रेंगाळलो आणि बाकावर बसलेला अर्जुन आपण होऊन वळला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे माझी एक तान होती, दिवाळीच्या सुट्टीत घोटून घोटून बसवायची म्हणून राखून ठेवलेली. ती बाईंनी काढून टाकली. "ती तुझी हौस आहे," म्हणाल्या. "बातमी सांगायला आलेला माणूस मध्येच थांबून ताना घेत नाही." मला फार राग आला होता. रडलोही असेन.

ड्रिलच्या सरांचं वेगळंच. "हा आकाशातून उतरतो ना? मग टाच आधी कशी टेकेल?" म्हणून आधी चवडा, मग टाच. चार पावलं, पाचव्याला थांबणं. आणि चिपळ्या पायांबरोबर वाजवायच्या नाहीत, दोन पावलांच्या मध्ये वाजवायच्या. हे जमायला मला आठ दिवस लागले, पण जमलं तेव्हा कळलं: पाय देवभोळे आणि चिपळ्या चहाटळ. संगीत नाटक न पाहिलेल्या माणसानं मला नारद दाखवला होता. पुढे हौशी रंगभूमीवर पुष्कळ वर्षं लुडबुड केली, नामवंतांची शिबिरंही केली. भूमिका अशी तळपायाकडून चढत वर आलेली मला पुन्हा क्वचितच लाभली.

तरी दम पुरेना. चवड्यावर चाललं की गळा सुटायचा, गळा धरला की पाय जड. त्यावर उपाय पर्वती. सकाळी सहाला शाळेची टोळी पायथ्याशी. चढताना संवाद, उतरताना पद. शंभराच्या वर पायऱ्या. वाक्य कुठे तोडायचं ते फुप्फुसच सांगायचं. फिरायला येणारे आजोबा थांबून बघायचे. एकांनी तर 'कुठल्या शाळेची पोरं ही?' म्हणून चौकशी केली. प्रशंसेच्या सुरात नव्हे.

सुभद्रा आठवीतला एक मुलगा करत होता. मुलांचीच शाळा, त्यामुळे इलाज नव्हता. आणि स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांचीच परंपरा आहे ही, असं सर त्याची समजूत घालायचे. त्याच्या आजीनं त्याला आठवडाभर घरी नऊवारी नेसवून पाणी भरायला लावलं. तो आमच्यात सगळ्यांत चांगला निघाला. 'वद जाऊं कुणाला शरण' म्हणताना पदराचं टोक त्याच्या मुठीत कधी गेलं, ते त्यालाही कळायचं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि माझा आवाज फुटला. काळी चारमध्ये आरामात गाणारा मी, वरचा सूर लावायला गेलो की कोंबडं आरवायचं. बाईंनी पट्टी उतरवत उतरवत पांढरी एकवर आणली. बदली नारद शोधायला वेळ नव्हता.

गॅदरिंगच्या संध्याकाळी तिसरी घंटा झाली. चवडा, टाच, चवडा, टाच, आलो. देवाचा मुखडा नीट गेला. अर्जुन दिसला. दुसरा मुखडा घेतला आणि 'जय'वर आवाज सरळ दोन तुकडे होऊन पडला. हॉल हसला. पहिल्या रांगेतली पालकमंडळीही हसली. पेटी थांबली नाही. मला काहीच सुचलं नाही, पण पाय चालतच राहिले. ते पर्वतीनं शिकवलेले होते. अख्खी ओळ मी न गाता नुसत्या चिपळ्यांवर काढली, अर्जुनाभोवती फेरी मारली, त्याच्या कानाशी वाकलो आणि पुढची ओळ समेवर पकडली. हसू थांबलं होतं. लोकांना वाटलं, ते तसंच बसवलंय.

विंगेत बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "ओळ गाळलीस." आणि पुढच्या मुलाचा मुकुट नीट करायला गेल्या.

काही वर्षांनी मी 'घाशीराम कोतवाल'चा प्रयोग पाहिला. त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला होता, म्हणजे आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. ब्राह्मणांची ती डुलणारी रांग, जी पाठ फिरवली की भिंत होते, तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. शेजारचे लोक नाना आणि घाशीरामाकडे बघत होते. मी रांगेतल्यांची पावलं बघत बसलो. ताल एक, पण प्रत्येकाचं वजन वेगळ्या जागी. ड्रिलचे सर शेजारी असते तर मांडीवर थाप मारली असती.

आता एक तक्रार. हल्लीची मुलं आमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगली गातात; पण पद आलं की पुढे येऊन उभी राहतात, आणि कॉलर माइक असूनही अदृश्य स्टँडसमोर असल्यासारखी. जुन्यांनाही मी सोडणार नाही. वन्स मोअर मिळाला की पात्र घरी जातं आणि गवई उरतो. मला कधी वन्स मोअर मिळाला नाही, तेव्हा हे मत पोटदुखीतून आलंय असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

चिपळ्या महोत्सवाच्या दिवशी घेऊन येतो. पोच द्यावी. डाव्या चिपळीची एक चकती गेलेली आहे. ती चिपळ्या मिळाल्या तेव्हापासूनच नव्हती, हे रजिस्टरमध्ये लिहून घ्यावं.