आमची वाटचाल : कुंपणावरची शेंद्री

कुडाळ तालुक्यात आमची काजूची बाग, तिच्या कुंपणाला शेंद्रीची झाडं आजोबांच्या वेळेपासूनची. लहानपणी आम्ही ती बी चुरडून तोंडं रंगवायचो, बाकी उपयोग शून्य. मी तिच्याकडे वळलो ते बटरच्या पाकिटामुळे. म्हशीचं लोणी पांढरंफटक, मग दुकानातलं बटर पिवळं कसं म्हणून मागचं बारीक छापलेलं वाचलं तर रंग अनाटो, खायच्या रंगांच्या यादीतला नंबर १६०(बी), म्हणजे आमची शेंद्रीच की!

झाड मूळचं अमेरिकेतल्या उष्ण भागातलं, पण कोकणात मस्त रुजलंय, फार कटकट नाही. बी लावलं तर फळ धरायला दोन-तीन वर्षं, फांदी लावली तर लवकर. गुलाबी फुलं, मग काटेरी लाल बोंडं, ती वाळून तडकायला लागली की काढायची आणि काठीने झोडायची. रंग बीच्या वरच्या पातळ थरात असतो आणि उजेडात उडतो, म्हणून मोकळी बी आम्ही सावलीत ठेवतो आणि काळ्या पिशवीतच भरतो. काचेच्या बरणीत उन्हात मांडलेली शेंद्री घेऊ नका, आमच्याकडून नाही घेतली तरी चालेल.

गिऱ्हाइकागणिक रंग वेगळा काढावा लागतो. बटरला तेलात उतरणारा बिक्सिन, चीजला पाण्यात विरघळणारा नॉरबिक्सिन. एका सरबतवाल्याने पाण्यातला नेला, लिंबू पिळल्यावर सगळा रंग तळाला साका होऊन बसला आणि मग आम्हाला फोन! आंबटात तो विरघळलेला राहतच नाही, त्यामुळे आता कशात घालणार हे आधी विचारतो. कापड रंगवणाऱ्या ताईंनाही स्पष्ट सांगतो, सोडा घालून उकळलेल्या बियांत रेशमाला केशरी रंग झकास येतो पण उन्हाने फिका पडतो, तेव्हा स्टोल करा, पडदे नकोत.

आणि हो, कपिल्याच्या झाडालाही बरेच जण शेंद्रीच म्हणतात. त्याची लाल पावडर फळाच्या बाहेरून झाडून काढतात, रेशमाला चालते, पूर्वी जंतांवर द्यायचे, पण ती खायचा रंग नाही. म्हणून गावातून आम्ही फक्त बी घेतो, तयार पावडर कुणी फुकट दिली तरी नको.

मसाला म्हणून हे खपेल असं मला वाटत नव्हतं, कारण चव सौम्य, जरा मातकट, आणि आपल्याला लाल म्हटलं की तिखट पाहिजे. पण गोव्यातल्या एका कॅफेवाल्याला मेक्सिकोच्या युकातानकडची आचियोते पेस्ट हवी होती, म्हणजे शेंद्री, जिरं, मिरी, ओरेगानो, लसूण आणि आंबट संत्र्याचा रस, डुकराच्या मटणाला लावायला. त्याला बी द्यायला लागलो आणि बायकोने त्याच्या जोडीला तेल सुरू केलं, फिलिपिन्समध्ये करतात तसं. मंद आचेवर कोमट तेलात बी, रंग उतरला की लगेच गाळायचं, जास्त तापलं की बी काळी आणि तेल कडवट. पुलावावर चमचाभर टाकून बघा.

शेजारचे विचारतात किलोला काय भाव, पण मोठे खरेदीदार बिक्सिन किती टक्के ते बघूनच भाव करतात, म्हणून आम्ही माल पाठवायच्या आधी लॅबचा रिपोर्ट काढतो. यंदा काजूतल्या रिकाम्या जागेतही लावतोय, ज्या झाडांचा रंग चांगला भरला त्यांच्याच फांद्या. कुणाला रोपं पाहिजे असतील तर पावसाच्या आधी कळवा.