तुम्ही विचारलंत म्हणून: चमत्कारावरून घरात भांडणं होत नाहीत का?

नवरा वसईचा कॅथलिक, रविवारची मिस्सा न चुकवणारा, आणि मी पुण्याची, कॉलेजपासूनची नास्तिक. हे कळलं की समोरचा माणूस पाचच मिनिटांत विचारतोच, मग देव, चमत्कार, पुरावा यावरून तुमच्या घरात वाजत नाही का हो? वाजतं की. पण तो 'श्रद्धा म्हणजे श्रद्धा' म्हणतो आणि मी 'विज्ञान विज्ञान' करत बसते असं जे चित्र लोकांच्या डोक्यात असतं ना, तसं नाही होत.

२०१२ चं इर्ल्याचं प्रकरण आठवतं का बघा. विलेपार्ल्याच्या वेलांकनी मातेच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोक जमले, पाणी भरून नेलं, काही जण तर प्यायलेसुद्धा. सनल एडामारुकू हे रॅशनॅलिस्ट तिथे गेले, मागची भिंत तपासली, जवळच तुंबलेला ड्रेन सापडला आणि त्यांनी सांगितलं की तेच पाणी भिंतीतून झिरपत वर चढतंय, शाळेत शिकलो ते केशाकर्षण, बाकी काही नाही. मग टीव्हीवर जुंपली, ते चर्चबद्दलही बरंच बोलले, काही कॅथलिक मंडळींनी २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली पोलिसात तक्रारी केल्या, आणि अटकेची टांगती तलवार नको म्हणून ते फिनलंडला निघून गेले. यावर नवरा माझ्यापेक्षा जास्त चिडतो. म्हणतो, चर्चने अधिकृतपणे त्याला चमत्कार म्हटलंच नव्हतं, मग तुंबलेलं गटार दाखवणाऱ्यावर केस कसली करता?

इथपर्यंत आमचं एकमत. आमची जुंपते ती गटार सापडत नाही तेव्हा.

म्हणजे लूर्डचं घ्या. फ्रान्समधलं हे गाव, १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या मुलीला तिथे मरियामातेचं दर्शन झालं असं मानतात, आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्याने आजार बरे होतात अशी श्रद्धा आहे. तिथे डॉक्टरांचं ऑफिस आहे, बरं झालो म्हणणाऱ्यांची फाइल तपासतात, आणि हे मला लग्नाआधी अजिबात माहीत नव्हतं की नियम किती कडक आहेत: आजार गंभीर हवा, बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं, टिकायला हवं, औषधाने झालं असं म्हणता येता कामा नये. सात हजारांवर दावे आले आणि २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले फक्त ७०. नवरा हा आकडा अगदी कॉलर ताठ करून सांगतो, बघ, आमच्यात एवढी चाळणी लावतात. मी म्हणते चाळणी मस्तच आहे रे, पण शेवटी खाली उरतं काय, तर 'डॉक्टरांना कारण सापडलं नाही'. त्या रिकाम्या जागेत तू देवाचं नाव लिहितोस, मी ती रिकामीच ठेवते. आणि त्या सत्तरात कापलेला पाय परत फुटल्याची एकही केस कशी नाही, हे विचारलं की साहेबांना एकदम चहा हवा असतो.

त्याचीही एक बाजू आहे म्हणा. तो म्हणतो, तू रिकामी ठेवत नाहीस, तू तिथे पेन्सिलने 'काहीतरी नैसर्गिकच असणार' लिहून मोकळी होतेस, तोही विश्वासच झाला. यावर माझं उत्तर असं की आजवर जी जी कारणं सापडली ती नैसर्गिकच निघाली, त्यामुळे माझी पैज जरा बऱ्या घोड्यावर आहे. त्याला पटत नाही.

मदर तेरेसांच्या वेळी मात्र तो गप्प होता. मोनिका बेसरा या बंगालमधल्या बाईंच्या पोटावर १९९८ मध्ये मदरचं पदक ठेवलं आणि गाठ गेली, त्या चमत्काराच्या आधारावर २००३ मध्ये मदरना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. पण तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणत होते की ती टीबीची गाठ होती आणि गोळ्यांनी बरी झाली. मग इथे चाळणी कुठे गेली?

प्रार्थनेचा तो अमेरिकन अभ्यास मी काढला की मात्र त्याला जोर येतो. २००६ चा, बायपासचे १,८०२ पेशंट, काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, फरक शून्य, उलट 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यातच गुंतागुंत थोडी जास्त. नवरा म्हणतो, देव काय लॅबमधला उंदीर आहे का, त्याची परीक्षा पाहू नये असं बायबलमध्येच आहे. मी म्हणते ठीक, मग पास झाला की पेढेही वाटू नका.

सासूबाई या कशातच नसतात. त्यांच्याकडे कुणीतरी लूर्डहून आणलेली पाण्याची बाटली आहे, प्लॅस्टिकची, मरियामातेच्या आकाराची, निळा मुकुट फिरवला की झाकण उघडतं. रात्री त्यातले दोन थेंब गुडघ्याला आणि वरून डॉक्टरांनी दिलेलं मलम. फरक कशाने पडतो हो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पडतो ना? मग झालं तर."

तर हो, भांडतो, पण चमत्कारावरून घरात कुणी जेवायचं थांबलेलं नाही. अबोला झाला तो पोरीच्या बाप्तिस्म्यावरून, आणि तिथे कसलाही पुरावा कुणाच्याच कामाचा नव्हता. पण ते तुम्ही विचारलं नाहीये, तेव्हा राहू दे.